शक्य, म्हणून सक्तीचं

पेलेजियस हा माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगून टाकते. चर्चच्या इतिहासात त्याची नोंद पाखंडी म्हणून झाली, आणि हरलेल्यांचं जे होतं तेच त्याचंही झालं: त्याचं बरंचसं म्हणणं आज विरोधकांनी केलेल्या खंडनातून वाचावं लागतं. ब्रिटनमधून आलेला हा विरक्त माणूस इसवी सन ४००च्या सुमारास रोममध्ये राहत होता. साम्राज्य ख्रिस्ती झालं होतं. ख्रिस्ती म्हणवून घेण्यासाठी आता सिंहापुढे जावं लागत नव्हतं, उलट बढतीला ते सोयीचंच होतं. श्रीमंत रोमन बाप्तिस्मा घ्यायचे आणि पूर्वीसारखेच जगायचे. या लोकांना गदागदा हलवून जागं करावं, एवढीच पेलेजियसची इच्छा. त्यातच कुणीतरी त्याच्यासमोर ऑगस्टिनच्या ‘कन्फेशन्स’मधली एक प्रार्थना म्हटली. तिचा आशय असा, की देवा, तू जी आज्ञा करशील ती पाळायचं बळही तूच दे. पेलेजियस भडकला. आज्ञा त्याची, आणि ती पाळण्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकायची? मग माणसानं करायचं काय?

मला हा राग अगदी ओळखीचा आहे. ज्या घरात मी वाढले तिथे ‘आयतं’ ही जवळजवळ शिवी होती. आयतं बसून खाणारा, आयत्या बिळावरचा नागोबा, आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा. मराठी मध्यमवर्गानं या एका शब्दाभोवती केवढी नीतिमत्ता उभारली आहे! स्कॉलरशिपची परीक्षा, गुणवत्ता यादी, कर्ज न काढता बांधलेलं घर. आमच्याकडे कुणी कधी पेलेजियसचं नाव ऐकलं नव्हतं, पण पाचव्या शतकातल्या त्या वादात आमचं अख्खं घर त्याच्या बाजूनं उभं राहिलं असतं.

इसवी सन ४१३च्या सुमारास त्यानं डेमेट्रियास नावाच्या एका मुलीला लांबलचक पत्र लिहिलं. रोमच्या बड्या घराण्यातली ही कोवळ्या वयाची मुलगी लग्न नाकारून व्रतस्थ राहायचं म्हणत होती आणि तिच्या आईनं वडीलधाऱ्यांकडून मार्गदर्शन मागवलं होतं. पत्राच्या सुरुवातीलाच पेलेजियस सांगतो, की आधी मानवी स्वभावात किती ताकद आहे ते दाखवून देतो, मग तुला मार्ग सांगतो. उत्साहवर्धक पत्र आहे. वाचताना छाती फुगते, आणि थोड्या वेळानं श्वास घ्यायला त्रास होऊ लागतो. पीटर ब्राउन यांनी १९६७मध्ये ऑगस्टिनचं जे चरित्र लिहिलं, त्यात या शिकवणीचं मर्म नेमकं पकडलं आहे: माणसाला परिपूर्ण होणं शक्य आहे आणि म्हणूनच ते त्याच्यावर बंधनकारक आहे.

शक्य आहे, म्हणून सक्तीचं. पाप, पुण्य, मोक्ष हे शब्द काढून तिथे ‘सुख’ ठेवलं, तर हे वाक्य आजच्या कुठल्याही कार्यालयाच्या भिंतीवर लावता येईल.

आमच्या कार्यालयात लावलेलंच होतं. आनंदी कसं राहावं याची दोन तासांची कार्यशाळा होती, पडद्यावर पहिलंच वाक्य होतं ‘हॅपिनेस इज अ चॉइस’. मग सगळ्यांना कागद वाटले: ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा तीन गोष्टी लिहा. आमच्यातले एक काका, निवृत्तीला टेकलेले, हिशेब विभागातले, कागदावर काहीच न लिहिता बसले होते. विचारल्यावर म्हणाले, “लिहितो, पण आभार कोणाचे मानायचे?” ते चेष्टा करत नव्हते. पत्ता लिहिल्याशिवाय पाकीट टाकायचं नाही, अशा सवयीचा तो माणूस. प्रशिक्षक जरा गोंधळला आणि म्हणाला, “युनिव्हर्सचे, सर.” काकांनी मान हलवली. पुढे त्यांनी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

कृतज्ञतेच्या या याद्यांमागे खरोखरचं संशोधन आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककुलो यांनी २००३मध्ये दाखवलं होतं, की आठवड्याच्या कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहिणारे आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधान व्यक्त करतात. म्हणजे उपाय चालतो. माझी अडचण वेगळी आहे. जे न मागता मिळालं त्याची जाणीव म्हणजे कृतज्ञता. तिचाही गृहपाठ झाला, तर न मागता मिळालेल्या गोष्टींपाशीही आपण मेहनत करूनच पोचतो. आणि यादी लिहूनही बरं वाटलं नाही, तर दोष पुन्हा आपलाच. नीट लिहिली नसणार.

चार्ल्स टेलर या कॅनेडियन कॅथलिक तत्त्वज्ञानं २००७मध्ये ‘अ सेक्युलर एज’ हा आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. (तो सलग वाचणारी माणसं मला भेटलेली नाहीत, मीही उड्या मारतच वाचला.) त्याचा मूळ प्रश्न साधा आहे. पश्चिमेकडच्या समाजात १५०० साली देवावर विश्वास न ठेवणं जवळजवळ अशक्य होतं आणि २००० साली ते अनेकांना सहज जमतं, हे कसं घडलं? विज्ञान आलं आणि देव गेला, हे सोपं उत्तर त्याला मान्य नाही. त्याच्या मते नवीन काय असेल तर ते हे: माणसाचं या जगातलं भलं, त्याचं फुलणं हेच अंतिम ध्येय, त्यापलीकडे काहीच नाही, असं मानून जगणं प्रथमच पुष्कळांना शक्य झालं. मी त्यात माझी भर घालते. पलीकडे काही होतं तेव्हा इथलं सुख हुकलं तरी सगळं हुकत नव्हतं. आता सुख हा एकच विषय परीक्षेला उरला आहे आणि त्यात नापास होणं म्हणजे आयुष्यातच नापास होणं.

ऑगस्टिनला सुखाचं वावडं नव्हतं, हे लोक विसरतात. ३८६च्या नोव्हेंबरात, बत्तिसाव्या वाढदिवशी, तो मिलानजवळ एका मित्राच्या घरी मुक्कामाला होता. सोबत आई मोनिका, मुलगा, भाऊ, काही शिष्य. वाढदिवसाचं साधं जेवण झाल्यावर त्यानं विषय काढला: सुखी कोण? चर्चा तीन दिवस चालली आणि तिचाच पुढे ‘सुखी जीवनाविषयी’ हा छोटा ग्रंथ झाला. हवं ते मिळालं की माणूस सुखी होतो का, या प्रश्नावर मोनिकेनं सांगितलं, की चांगलं हवं असेल आणि ते मिळालं तर सुखी. वाईट हवं असेल तर मिळूनही दुःखीच. ऑगस्टिन इतका खूश झाला, की आईनं तत्त्वज्ञानाचा गडच सर केला असं त्यानं जाहीर करून टाकलं. त्या तीन दिवसांचा ऑगस्टिन मला फार आवडतो. ज्ञानी माणूस इथेच, याच आयुष्यात सुखी होऊ शकतो, असं त्याला तेव्हा मनापासून वाटत होतं.

सुमारे चाळीस वर्षांनी, आपलं सगळं लेखन पुन्हा तपासताना, त्यानं याच ग्रंथावर खूण केली: हे मी जरा जास्तच बोलून गेलो. मधल्या काळात तो उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप होता. धर्मसभांच्या कामाबरोबरच गावातले जमिनीचे आणि वारशाचे तंटे रोज त्याच्यापुढे येत. ज्यांना सुधारायचं आहे आणि तरी सुधारता येत नाही अशी माणसं त्यानं इतकी पाहिली, की ‘इच्छा असली की झालं’ हे त्याला पटेना. बिघाड इच्छेतच असेल, तर इच्छेच्या जोरावर तो दुरुस्त कसा होणार? तिथे बाहेरून हात लागतो, मागितला म्हणून नव्हे, लायकी आहे म्हणूनही नव्हे. हीच कृपा. दक्षिणेतल्या वैष्णवांचा मर्कटन्याय आणि मार्जारन्याय यांचा वाद ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे परकं वाटणार नाही: पोरानं आईला घट्ट धरून ठेवायचं, की आईनंच त्याला मानेला धरून उचलायचं? ऑगस्टिन मांजरीच्या बाजूचा.

माणसाच्या क्षमतेवर इतका अविश्वास ठेवणारी ही शिकवण निराशाजनक वाटते. पण पेलेजियसकडे हरलेल्याला काही सबब उरत नाही, ऑगस्टिनकडे उरते. पेलेजियसच्या जगात दुःखी माणूस गुन्हेगारही असतो. ४१८मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं पेलेजियसची मतं धिक्कारली, पण माझ्या अंदाजानं त्याचा खरा विजय आपल्या काळात झाला आहे.

कृपेचं गुणगान करायला बसले आहे, पण तिची दुसरी बाजू लपवणं अप्रामाणिक होईल. लायकी न बघता काहींना मिळतं, याचा अर्थ लायकी न बघताच काहींना मिळत नाही. म्हातारपणी ऑगस्टिन बाप्तिस्म्याविना गेलेल्या तान्ह्या बाळांनाही शिक्षा असते असं म्हणण्यापर्यंत गेला, आणि तिथे मी त्याचा हात सोडते. पुढे कॅल्विनच्या अनुयायांना, आपण निवडलेल्यांत आहोत की नाही, या भीतीनं पछाडलं. धंद्यातलं यश हीच निवडीची खूण मानून ते तिच्या शोधात अहोरात्र राबले, असं मॅक्स वेबरनं १९०४-०५मध्ये मांडलं. म्हणजे फुकट मिळालेल्या गोष्टीची नोंद पुन्हा जमाखर्चात झालीच. आणि जॉन न्यूटन? १७४८च्या वादळात जहाज बुडता बुडता वाचलं तेव्हा आपल्यावर कृपा झाली असं त्याला वाटलं. त्यानंतरही तो गुलामांची जहाजं चालवत राहिला, १७५४पर्यंत. प्रकृतीनं साथ सोडली तेव्हा थांबला. कृपेवरचं त्याचं जगप्रसिद्ध भजन १७७०च्या दशकातलं. गुलामांच्या व्यापाराविरुद्धची त्याची जाहीर पुस्तिका आली थेट १७८८मध्ये. डेकवर उतरलेल्या कृपेला खाली तळघरात साखळदंडांपर्यंत पोचायला चाळीस वर्षं लागली. त्या चाळीस वर्षांचं काय, याचं उत्तर कुठल्याच धर्मशास्त्राकडे मला मिळालेलं नाही.

मग कृपेची ही गोष्ट मनातून जात का नाही? याचं कारण एक सिनेमा आहे. गॅब्रिएल ॲक्सेलचा ‘बाबेट्स फीस्ट’, १९८७चा, परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा पहिला डॅनिश सिनेमा. कॅरन ब्लिक्सेनच्या ज्या कथेवर तो आहे, ती १९५०मध्ये एका अमेरिकी महिला मासिकात आली होती. अमेरिकनांना खाण्यापिण्यावर लिहिलेलं आवडतं, असं कुणा मित्रानं सुचवलं म्हणून तिनं ती लिहिली म्हणतात. मी तो पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला, उपाशीपोटी, ही चूक कुणी करू नये.

एकोणिसावं शतक, डेन्मार्कचा ओसाड किनारा. मार्टिन ल्यूथर आणि फिलिप मेलांख्थॉन यांच्यावरून नावं ठेवलेल्या दोन बहिणी, मार्टिना आणि फिलिपा. त्यांच्या दिवंगत धर्मगुरू वडिलांनी स्थापलेला एक कडक पंथ, त्याचे उरलेले म्हातारे अनुयायी. खाणं म्हणजे वाळवलेला मासा आणि पाव-बिअरची पेज. पॅरिस कम्युनच्या कत्तलीतून १८७१मध्ये जीव वाचवून आलेली बाबेट त्यांच्याकडे बिनपगारी स्वयंपाक करते, चौदा वर्षं. मग तिला लॉटरी लागते, दहा हजार फ्रँकची. धर्मगुरूंच्या शंभराव्या जयंतीला एक फ्रेंच जेवण करू द्या, एवढंच ती मागते.

जिवंत कासव येतं, पिंजऱ्यात लावे येतात, बर्फ येतो, दारूच्या बाटल्या येतात. घाबरलेल्या मार्टिनाला स्वप्नात सैतानाची मेजवानी दिसते. म्हातारे जमून शपथ घेतात: जेवू, पण चवीकडे लक्ष देणार नाही, जेवणाबद्दल एक अक्षर बोलणार नाही. सगळ्या सिनेमात मला हीच जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. हे लोक अपात्र आहेतच. एकानं दुसऱ्याला धंद्यात फसवलं आहे, एका जोडीचं तरुणपणीचं पाप अजून कुरतडतं आहे. पण त्याहीपुढे जाऊन, समोर आलेलं सुख घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं आहे. आणि तरी ते होतं. एकेका घोटाबरोबर चेहरे सैल पडत जातात. फसवणारा कबूल करतो, फसलेला हसतो. त्यांनी निर्धार केला तो हरण्यासाठीच जणू. पेलेजियसला या जेवणाच्या टेबलावर एक वाक्यही सुचलं नसतं.

शपथ माहीत नसलेला एकच पाहुणा आहे, जनरल लोवेनहिल्म. तरुणपणी मार्टिनावर जीव जडलेला, पण कारकिर्दीसाठी निघून गेलेला. प्रत्येक पदार्थ ओळखणारा तोच, आणि उठून बोलणारा तोच. त्याच्या बोलण्याचा गाभा असा, की आपण घाबरून निवड करतो आणि मग निवड चुकली का, या विचारानं झुरतो. पण कृपेला असल्या अटी नसतात, जे निवडलं ते मिळतं आणि जे नाकारलं तेही. तर्काला हे पटत नाही. नाकारलेलं कसं मिळेल? मार्टिना त्याला मिळालेली नाही. तरी त्या रात्री निरोप घेताना दोघांचे चेहरे पाहिले, की जनरलशी वाद घालावासा वाटत नाही.

शेवटी कळतं, की बाबेट ही पॅरिसच्या कॅफे अँग्लेची मुख्य आचारी होती, आणि तिथे बारा जणांच्या अशा जेवणाला दहा हजार फ्रँकच पडतात. सगळे पैसे संपले. घेणाऱ्यांना फुकट, देणाऱ्याला सर्वस्व. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफरनं १९३७मध्ये स्वस्त कृपेवर कोरडे ओढले होते, ते याच अर्थानं; एप्रिल १९४५मध्ये नाझींनी त्याला फासावर दिलं. मात्र बाबेट हुतात्मा होत नाही. दमून स्वयंपाकघरात बसलेली ती बाई बहिणींना सांगते, की हे फक्त तुमच्यासाठी केलं नाही. तिला एकदा आपली कला पूर्ण ताकदीनं वापरायची होती. हे ऐकून मला फार बरं वाटलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६च्या ‘अमोरिस लेतिशिया’ या पत्रात या सिनेमाचा उल्लेख केला आहे, दुसऱ्याला आनंद देण्याच्या आनंदाबद्दल बोलताना.

त्याच डेन्मार्कमध्ये आज बहुसंख्य लोक राष्ट्रीय चर्चचे सभासद आहेत, चर्चचा कर भरतात आणि रविवारी तिकडे फिरकत नाहीत. जागतिक सुखाच्या अहवालात एक शिडी कल्पायला सांगतात, शून्य ते दहा पायऱ्यांची, आणि तुम्ही कुठल्या पायरीवर ते विचारतात. २०१८पासून २०२५पर्यंत तिथे फिनलंड सतत पहिला आणि डेन्मार्क त्याच्या आसपास. फिल झुकरमन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं डेन्मार्कमध्ये राहून मुलाखती घेतल्या आणि २००८च्या पुस्तकात लिहिलं, की देवाचा विचारही मनात न येणारी ही माणसं समाधानानं जगतात, समाधानानं मरतात. तेव्हा सुखासाठी श्रद्धा लागतेच, असं म्हणायची सोय नाही. तिथल्या कल्याणकारी राज्याची मुळं ल्यूथरच्या शिकवणीत आहेत, असं काही अभ्यासक मांडतात. मला ते थोडं ओढूनताणून वाटतं; बाबेटनं कर गोळा केला नव्हता. पण आजारी माणसाला दवाखान्याच्या दारात ‘तुझी लायकी काय’ असं न विचारणारी व्यवस्था उभी करायला कुठेतरी, कधीतरी, लायकीचा प्रश्न बाजूला ठेवायची सवय लागलेली असावी लागते, एवढं मात्र वाटतं.

आपल्याकडे या वादाच्या दोन्ही बाजू एकाच आयुष्यात जगलेली बाई होऊन गेली: पंडिता रमाबाई. तिच्याभोवतीची भांडणं आपल्याला पाठ आहेत, शारदा सदन, ‘केसरी’, धर्मांतर. तिनं स्वतः १९०७मध्ये इंग्रजीत लिहिलेली साक्ष मात्र क्वचितच कुणी उघडतं.

वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थामागून तीर्थ हिंडत, पुराणं सांगत. व्रतं, उपास, स्नानं, दानं. शास्त्रात सांगितलेलं काही म्हणून सोडलं नाही. होतं नव्हतं ते दानात गेलं आणि १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील व थोरली बहीण काही महिन्यांच्या आत गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास तरीही चालत राहिले, हजारो मैल, नेमधर्म सांभाळत. १८७८मध्ये कलकत्त्याला पोचेपर्यंत त्या सगळ्यावरचा विश्वास उडाला होता. पुढे भाऊ गेला, लग्न झालं, नवराही गेला. लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन ती इंग्लंडला गेली. वाँटेजच्या भगिनींनी फुलहॅमला बहिष्कृत बायकांसाठी चालवलेलं घर तिनं पाहिलं, विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईशी ख्रिस्त कसा बोलला ते ऐकलं, आणि २९ सप्टेंबर १८८३ला बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे संपायला हवी होती, निदान मिशनऱ्यांच्या लेखी. पण रमाबाई लिहितात, की त्यानंतरची सुमारे आठ वर्षं त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. नेमधर्म बदलले होते, हिशेब तोच होता. मग त्यांनी विल्यम हॅसलम या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र वाचलं. हा कॉर्नवॉलचा पाद्री १८५१मध्ये स्वतःचंच प्रवचन देता देता बदलला, आणि श्रोत्यांतला एकजण ओरडला, की पाद्रीबुवांचंच परिवर्तन झालं! ते वाचून रमाबाईंना कळलं, की आपण अजून कमावतोच आहोत.

पेलेजियसची भीती होती, की सगळं मिळालेलंच आहे असं सांगितलं तर माणसं हातपाय हलवणार नाहीत. यानंतरच्या रमाबाई पाहा. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली केडगावच्या आपल्या आश्रमात आणल्या. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि अख्खं बायबल मराठीत आणलं. पंडिता म्हणून गौरवलेल्या या बाईनं संस्कृतप्रचुर भाषा मुद्दाम टाळली, शेतातल्या बाईला कळावी अशी मराठी वापरली. खिळे जुळवायला आश्रमातल्याच मुली. १९२१मध्ये मनोरमा गेली. भाषांतर हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. छापील बायबल १९२४मध्ये आलं.

आपण गेली शंभर वर्षं रमाबाईंना त्यांच्या श्रद्धेला वळसा घालून सांगत आलो आहोत: विदुषी, समाजसुधारक, पहिल्या स्त्रीवाद्यांपैकी एक. त्यात खोटं काही नाही, आणि माझी स्वतःची कशावर श्रद्धा नसल्यामुळे हा वळसा मलाही सोयीचा आहे. अडचण अशी, की साक्ष हातात घेतली की त्या स्वतःच तो घेऊ देत नाहीत. केडगावच्या कामाचं श्रेय द्यायला जावं, तर ते त्या बसल्या जागी परत करतात. आमच्या घरातल्या माणसांना हे खोट्या विनयाचं लक्षण वाटलं असतं. मला तसं वाटत नाही. मग ते काय आहे, हे सांगायला माझ्याकडे त्यांच्याइतकी सोपी मराठी नाही.